१०/२२ लॉग: रोजची गोळी एकदाची ठरली

माझ्या १०/२२ रायफलचं बाकी सगळं झालंय, रेड डॉट (नेम धरायचा लाल ठिपका दाखवणारी साइट) बसला, ट्रिगर सुधारला, आता फक्त रोजच्या वापराची गोळी ठरवायची राहिली होती. ते काम बऱ्यापैकी मार्गी लागलं म्हणून हा अपडेट. घाईत असाल तर उत्तर आधीच देऊन टाकतो: ४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप, ४० म्हणजे साधारण अडीच ग्रॅम), तांब्याचा मुलामा असलेली, गोल नाकाची, वेग सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास. बाकीचं वाचायचं असेल तर चहा घेऊन बसा.

नवीन मंडळींसाठी: रायफल रुगर १०/२२, १९६४ पासून बनत आलेली, गोळी .२२ एलआर (लाँग रायफल), दहा गोळ्यांचं रोटरी मॅगझिन, बॅरल (नळी) कंपनीचंच. मी इथे अमेरिकेत, ओहायोत स्टील चॅलेंज खेळतो, म्हणजे घड्याळ लावून लोखंडी प्लेटा पटापट मारायच्या. एका स्टेजला पाच प्लेटा, त्यातली एक स्टॉप प्लेट, ती वाजली की घड्याळ थांबतं. बहुतेक स्टेजेसना पाच रन (पाचही प्लेटा एकदा मारल्या की एक रन) मिळतात आणि त्यातले चांगले चार धरतात. म्हणजे एक जॅम माफ आहे, दुसरा जॅम थेट स्कोअरमध्ये जातो, आणि जॅम काढता काढता दहा-बारा सेकंद गेले की त्या स्टेजचं वाटोळं. त्यातून स्मोक अँड होपसारख्या स्टेजला चार प्लेटा १८ बाय २४ इंचाच्या आहेत, तिथे अर्ध्या इंचाचा ग्रुप (मारलेल्या गोळ्या किती जवळजवळ पडतात ते) घेऊन करायचंय काय? दर वेळी 'ठो' व्हायला हवं आणि पुढची गोळी आपोआप आत जायला हवी, बस.

हे आपल्याकडच्या शूटिंगपेक्षा खूप वेगळं आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पोटावर झोपून) वर्ल्ड चॅम्पियन झाली, गोळी दोघांचीही .२२ च. पण तिथे एकेक गोळी हाताने भरायची आणि बोल्ट (गोळीमागे नळी बंद करणारा लोखंडी ठोकळा) हाताने चालवायचा. त्या लेव्हलचे शूटर एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनलेल्या गोळ्यांचा गट) स्वतःच्या बॅरलमधून मारून बघतात, बारीक ग्रुप देणारा लॉट उचलतात, आणि त्यांची बोल्ट चालवायची जबाबदारी गोळीवर नसतेच. आपल्या सेमी-ऑटोत (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या बंदुकीत) मात्र गोळीला दोन नोकऱ्या कराव्या लागतात, एक प्लेट वाजवायची आणि दुसरी बंदूक चालवायची. मला विचाराल तर दुसरी जास्त अवघड.

कारण १०/२२ मध्ये बोल्टला कुलूप नसतं, साधं ब्लोबॅक आहे. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच सगळं धरून ठेवलेलं. गोळी सुटली की धक्क्याने रिकामी केस (गोळीचं पितळी नळकांडं) मागे येते, ती बोल्टला मागे ढकलते, बोल्ट जाता जाता घोडा चढवतो, केस बाहेर भिरकावतो, स्प्रिंग दाबतो आणि परत पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसायच्या जागेत, कोंबतो, आणि हा सगळा कारभार चिमूटभर पावडरवर, जिचं मुख्य काम अडीच ग्रॅम शिसं पुढे पाठवणं आहे. पावडर जरा कमी पडली की बोल्ट अर्ध्यातून परततो. आता ४० ग्रेनची क्वाएट-२२ येते, ७१० फूट वेगाची, आवाज खरंच मस्त कमी, पण ती बोल्ट अॅक्शनवाल्यांसाठी (हाताने बोल्ट चालवणाऱ्यांसाठी) आहे, सेमी-ऑटोत ती चालली नाही म्हणून गोळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

टेस्ट कशी केली ते सांगतो, कारण 'माझ्याकडे चालते' ह्या वाक्याचा कुणाला काही उपयोग होत नाही. प्रत्येक प्रकार सुरू करण्याआधी चेंबर आणि बोल्टचा चेहरा साफ, पण त्यानंतर तो प्रकार संपेपर्यंत साफसफाई बंद, कारण मॅचमध्ये अडीचशेव्या गोळीला बंदूक घाणच असते. मॅगझिनवर पेंट मार्करने नंबर टाकले, हे ज्यांनी केलं नसेल त्यांनी आजच करा. माझ्या तीन नंबरच्या मॅगझिनने इतके जॅम दिले की नंबर नसता तर एका चांगल्या गोळीला मी उगाच घरचा रस्ता दाखवला असता. उघडून साफ केलं, स्प्रिंगचा ताण परत नीट लावला, तेव्हा ते शहाण्यासारखं वागायला लागलं.

आणि प्रत्येक अडथळा कुठल्या जातीचा ते लिहून ठेवलं. खरं ज्ञान इथे मिळालं. सगळ्यांना लोक सरसकट 'जॅम' म्हणतात, पण रिकामी केस ती बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली (ह्याला स्टोव्हपाइप म्हणतात) तर ती एक गोष्ट, तिथे गोळी अशक्त असते नाहीतर एक्स्ट्रॅक्टरखाली (केस ओढून काढणाऱ्या आकड्याखाली) घाण साठलेली असते. नवीन गोळीचं नाक चेंबरच्या कडेला आपटून थांबलं तर मॅगझिन तरी बघा नाहीतर गोळीचं नाक तरी बघा, सुट्ट्या भरलेल्या बल्क डब्यात एकमेकींवर आपटून काहींचं शिसं चेपलेलं असतं आणि ते बोटाला नीट लागतं. आणि तिसरी जात म्हणजे नुसतं क्लिक.

क्लिकबद्दल जरा सविस्तर. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या बुडाच्या कडेवर (रिमवर) पिन आपटून पेटणाऱ्या गोळीत, वेगळा प्रायमर (पेटवणारी टोपी) नसतो, पेटणारा मसाला ओला असतानाच केस गरागरा फिरवून रिमच्या आतल्या खोबणीत पसरवतात. तो सगळीकडे सारखा पसरला नाही तर रिमचा एखादा तुकडा रिकामा राहतो आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच आपटली की फुस्स. आधी नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून तीस सेकंद गप्प उभं राहायचं, उशिरा पेटणारी गोळी असू शकते. मग ती काढून उजेडात रिमवरची खूण बघायची. एका स्वस्त बल्क डब्यातल्या (नाव नाही घेत) अशा फुसक्या गोळ्या मी बाजूला काढून ओळीने लावल्या, तर बहुतेकींवर खूण छान खोल, चौकोनी, कड स्वच्छ, म्हणजे पिनने तिचं काम चोख केलं होतं. त्याच गोळ्या अर्ध्या फिरवून परत भरल्या तर बऱ्याचशा वाजल्या. दोष मसाल्याचा, बंदूक निर्दोष. पण दोन-तीन गोळ्यांवर खूण अगदी पुसट होती, नखाने चाचपावी लागेल इतकी. त्यांचं कारण वेगळं: बोल्ट पूर्ण बंदच झाला नव्हता, किंचितशी फट राहिली होती, आणि घोड्याचा अर्धा जोर बोल्ट पुढे ढकलण्यात गेला. चेंबरच्या तोंडाशी मेणाचा आणि काजळीचा थर बसला की असं होतं. म्हणजे एकाच डब्यातल्या एकाच आवाजाच्या क्लिकला दोन बाप निघाले. तेव्हापासून मी खूण बघितल्याशिवाय मत देत नाही आणि दुसऱ्याने दिलेलं ऐकतही नाही.

आता उमेदवार. ३६ ग्रेन हॉलो पॉइंट (नाकाला खड्डा असलेल्या) बल्क, म्हणजे मोठ्या पुठ्ठ्याच्या डब्यात सुट्ट्या येणाऱ्या, ह्या सगळ्यात स्वस्त, आणि सरावाला काही वाईट नाहीत, उलट जॅम काढायचा सराव फुकटात होतो. पण डब्याडब्यात फरक, एक डबा सोन्यासारखा तर पुढचा रडका. नुसत्या शिशाच्या, जाड मेण लावलेल्या गोळ्या मी बंदच केल्या, चेंबरात इतकी घाण सोडतात की तिसरा तास सुरू व्हायच्या आत बोल्ट आळशी होतो, शिवाय मेणाला खिशातला कचरा आणि रेती चिकटते ती वेगळीच. स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे १०७० फुटांच्या आसपासच्या टार्गेट गोळ्या, आवाजाच्या वेगाखाली राहतात (२० डिग्रीला तो साधारण ११२५ फूट आहे) म्हणून कागदावर फार गोड ग्रुप देतात. साफ बंदुकीत माझ्याकडे ह्या व्यवस्थित चालल्या. घाण वाढली तसा केस फेकण्याचा जोर कमी होत गेला, आधी चार फुटांवर पडणाऱ्या केस हळूहळू बुटांजवळ पडायला लागल्या, आणि हे लक्षण बघून ठेवा, केस जवळ पडायला लागल्या की स्टोव्हपाइप यायच्याच बेतात असतो.

दुसऱ्या टोकाला स्टिंगर, ३२ ग्रेन, १६४० फूट. चालते झकास, पण महाग, माझ्या कामाला नको इतकी गरम, आणि तिची केस नेहमीच्या एलआरपेक्षा लांब असल्यामुळे मॅच चेंबरच्या (अचूकतेसाठी घट्ट मापाच्या) बॅरलमध्ये ती वापरायची नसते. ज्यांनी आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचं) बॅरल टाकलंय त्यांनी मॅन्युअल एकदा वाचाच.

शेवटी तीन उरल्या: सीसीआयची मिनी-मॅग ४० ग्रेन १२३५ फूट, फेडरलची ऑटोमॅच ४० ग्रेन १२०० फूट, आणि मेक्सिकोची अॅग्विला सुपर एक्स्ट्रा ४० ग्रेन १२५५ फूट. तिन्ही चालल्या, तिन्हींवर मॅच खेळायला माझी ना नाही. मी मिनी-मॅगवर थांबलो. ती शंभराच्या प्लास्टिकच्या डबीत प्रत्येक गोळी आपापल्या खाचेत उभी अशी येते, नाक चेपायचा प्रश्न मिटला, आणि मुलाम्यामुळे चेंबर बराच वेळ स्वच्छ राहतं. बल्कपेक्षा दर गोळीला काही सेंट जास्त जातात हे खरं, म्हणून सरावाला ऑटोमॅच आणि मॅचच्या दिवशी मिनी-मॅग असा संसार मांडलाय. दोन्हींचा वेग आणि वजन जवळजवळ सारखं असल्यामुळे डॉट हलवावा लागत नाही, ही सोय मला पैशापेक्षा मोठी वाटते. डबीवरचा लॉट नंबर बघून एकाच लॉटच्या घेतल्या.

थंडीचा मुद्दा राहिला. इथल्या जानेवारीत मेण घट्ट होतं, बोल्टवरचं तेल चिकट होतं, वेगही थोडा उतरतो, आणि उन्हाळ्यात पास झालेली गोळी नापास होऊ शकते. म्हणून तेल अगदी पुसट, बोट फिरवल्यासारखं, आणि मॅगझिनच्या आत अजिबात नाही. चष्मा कायम डोळ्यावर, कारण बोल्ट पूर्ण बंद नसताना गोळी फुटली की केसचे तुकडे आणि गॅस खिडकीतून बाहेर येतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक, 'फट्' असा आला तर पुढची गोळी मारायची नाही, मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, गोळी नळीत अडकली नाही ना, नळीतून आरपार दिसतंय का ते आधी बघायचं. आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने, शिसं आहे ते.

दोन गोष्टी आपल्या लोकांसाठी, कारण हे प्रश्न मला हमखास येतात. एच-१बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ बाळगायला फेडरल कायद्यात बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून, तेव्हा मित्राने बोलावलं म्हणून लगेच उठून जाऊ नका, आधी नीट चौकशी करा. आणि रेंजची बॅग फक्त रेंजची ठेवा. तीच बॅग घेऊन भारतात निघालात आणि कोपऱ्यात एक जिवंत राउंड राहिला तर विमानतळावर आर्म्स अॅक्टखाली प्रकरण उभं राहतं, आणि .२२ ची गोळी इतकी चिमुकली असते की अस्तराच्या शिवणीत सहज दडून बसते.

पुढचं काम एक्स्ट्रॅक्टर बदलायचं. जुना अजून चालतोय, पण नवीन धारदार टाकला तर त्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीवाल्या गोळ्या घाण बंदुकीतही चालतात का हे बघायचंय, कारण त्यांचा ग्रुप बघितल्यापासून जीव अडकलाय त्यांच्यात. कुणी आधीच बदलला असेल तर कुठला टाकला आणि केस किती लांब पडायला लागल्या ते सांगा.