बर्डबाथ अपडेट : चकचकीत टाइल फसली, शहाबादी पावली

मंडळी, गच्चीवर पक्ष्यांना पाणी प्यायला-आंघोळीला सिमेंटचा बर्डबाथ करतोय, त्याचं अपडेट द्यायला उशीर झाला कारण आतलं सगळं काम एकदा उकरून परत करावं लागलं. घमेलं पालथं घालून त्यावर सिमेंटचा कटोरा केला होता ना, तो आतून निघाला चार इंच खोल, म्हणजे चिमणीला विहीरच की! मग तळात सिमेंट-वाळूचा माल भरून उतार दिला, काठाला अर्धा-पाऊण इंच आणि मधोमध दोन इंच. इथपर्यंत बरोबर होतं.

चूक झाली टाइलमध्ये. भावाच्या बाथरूमची निळी ग्लेझवाली टाइल उरली होती, फुकटचा माल, म्हणून पोत्यात घालून हातोड्यानं फोडली आणि तुकडे आतून लावले. दिसायला असं झालं की बायको म्हणाली हॉलमध्येच ठेवा. पण पहिल्या दिवशी बुलबुल आला, काठावर बसला, आत उतरला आणि पाय सटकला तसा पंख फडफडवत जो गेला तो चार दिवस फिरकलाच नाही. पाणी पडल्यावर ग्लेझवर शेवाळाचा नुसता पापुद्रा जरी आला तरी आपला पाय ठरत नाही, त्याचा काय ठरणार.

मग छन्नीनं सगळं काढलं (दीड दिवस गेला, अंगठ्याला फोड आला ते वेगळंच) आणि शहाबादी फरशी घेतली. आपल्याला ती लांबून आणायला नको, गुलबर्ग्याकडून येते, सोलापुरात ज्याच्या-त्याच्या अंगणात पडलेलीच असते. पॉलिश नसलेलीच घ्या, खरबरीत. पार्किंग टाइलही चालते पण ती जाड, गोलाईवर बसत नाही. मी दीड-दीड इंचाचे तुकडे केले, धारा दगडावर घासून मारल्या, जोड आतून अगदी सपाट न भरता जरा खाली ठेवले, नखं अडकायला बरं.

गवंडीमामा म्हणाले, "नुसत्या सिमेंटच्या घोळावर व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल) लावाल तर निघणारच, ती पाणी पीत नाही, तिला टाइलचा गोंदच लागतो." म्हणून बाहेरच्या बाजूला, जिथं व्हिट्रिफाइडचे तुकडे वापरतोय, तिथं गोंद. निळी टाइलही तिथंच गेली. चादरीवरच्या नक्षीसारखी चौकटीची पट्टी काढायचा बेत आहे, लाल-निळी-पांढरी, अर्धी झालीय.

जोड भरल्यावर लगेच पाणी ठेवू नका हां. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी अल्कलाइन होतं. मी दहा दिवस भरून-ओतून भरून-ओतून केलं.

आता देखभाल, आणि इथं मी दुसऱ्यांदा आपटलो. बोअरचं पाणी असल्यामुळं आठवड्यात पांढरा थर आला. नेटवर सगळे व्हिनेगर सांगतात, मीही ओतलं, तर फरशीवर बुडबुडे! शहाबादी हा चुनखडीचाच दगड, आंबट पडलं की दगडच खातं, जोडाचं सिमेंटही. आरशासारख्या ग्लेझवर चालेल, इथं नाही. आता फक्त कडक ब्रश आणि मूठभर वाळू, साबण अजिबात नाही कारण त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं तेल जातं.

पाणी एक दिवसाआड बदलतो. डासाची अळी व्हायला आपल्या उन्हाळ्यात फार वेळ लागत नाही. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं चार-पाच लिटर ओतून देताना जीवावर येतं, पण ते तुळशीला नि कढीपत्त्याला घालतो, म्हणजे वाया नाही.

जागेबद्दल एकच. दुपारी बेचाळीस डिग्रीत उघड्या गच्चीवर पाणी चहाला ठेवल्यासारखं होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवलं, पण झुडपाला चिकटून नाही, शेजारच्या मांजरीचा डोळा आहे तिथं.

सध्या सकाळी सातच्या आत साळुंक्या येतात, त्यांचं आटोपलं की मग चिमण्या, आणि बुलबुल जोडीनं परत यायला लागलाय. साळुंकी एकदा आंघोळीला बसली की निम्मं पाणी बाहेर. पट्टीसाठी लाल तुकडे कमी पडतायत, कुणाच्या घरी रिनोव्हेशन चालू असेल तर सांगा, पोतं घेऊन येतो.