सिस्टर, मुलाला कधी उचलून घेऊ?

स्तनात इम्प्लांट, म्हणजे आकार वाढवणारी मऊ पिशवी, बसवून घ्यायला आलेली आई डॉक्टरांना मापाबद्दल विचारते, खर्चाबद्दल विचारते. डॉक्टर राउंड आटोपून गेले, की आम्हा नर्सना हळूच विचारते, "सिस्टर, मुलाला कधी उचलून घेऊ?" हा प्रश्न डॉक्टरांसमोर विचारायला तिला संकोच वाटतो, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे तो किरकोळ वाटतो. माझ्या मते याच प्रश्नाच्या उत्तरावर ऑपरेशनची तारीख ठरायला हवी. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवला असेल, तर 10 किलोच्या वरच्या मुलाला साधारण 6 आठवडे उचलायचं नाही. स्नायूच्या वर, स्तनाच्या ग्रंथीखाली बसवला असेल तर बरेच सर्जन थोडं आधी, 3 ते 4 आठवड्यांनी परवानगी देतात. तुमचा इम्प्लांट कुठे आहे ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. नसेल तर घरी जाण्याआधी विचारून लिहून घ्या, आणि शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

आता यामागचं कारण. मूल उचलताना आपण दोन्ही हात पुढे करतो, त्याच्या काखेत घालतो, आवळतो आणि छातीशी ओढतो. ही अख्खी हालचाल छातीच्या मोठ्या स्नायूची असते. स्नायूखाली जागा करताना सर्जनने त्याच स्नायूचे खालचे धागे बरगड्यांवरून सोडवलेले असतात. पहिल्या दोन आठवड्यांत जोर लावला तर बंद केलेली रक्तवाहिनी पुन्हा उघडू शकते आणि आत रक्त साचतं. त्यानंतरचे काही आठवडे शरीर इम्प्लांटभोवती स्वतःचं पातळ आवरण विणत असतं. ते पक्कं होण्याआधी स्नायूने सारखा दाब दिला, तर इम्प्लांट वर किंवा काखेकडे सरकतो. मग एक बाजू वर, एक खाली. ते मालिश करून सुधारत नाही, पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जावं लागतं.

वजनाचा अंदाज घ्या. वर्षाचं मूल सरासरी 9 किलोचं, दोन वर्षांचं 12, तीन वर्षांचं 14. पहिल्या महिन्यात आम्ही सांगतो ती मर्यादा साधारण 2 किलोची असते, म्हणजे दुधाच्या एक लिटरच्या दोन पिशव्या. भरलेला पाच लिटरचा कुकर त्यात बसत नाही, पाण्याची बादली तर नाहीच. गॅसच्या भरलेल्या टाकीचं वजन 30 किलोच्या आसपास असतं. ती सरकवायचीसुद्धा नाही, कारण ढकलण्याचं काम हाच स्नायू करतो. बायका फसतात त्या मात्र हलक्या कामांत. कणीक मळणं हे वजन उचलणं वाटत नाही, पण तळव्याने दाबून पुढे रेटण्यात छातीचा स्नायू पूर्ण वापरला जातो. पोळ्या लाटणं तसंच. वरच्या दोरीवर कपडे वाळत घालणं, माळ्यावरून डबा काढणं, खिडकीची जाम झालेली काच सरकवणं, हे सगळं पहिले तीन-चार आठवडे दुसऱ्या कोणाकडे द्या. भाजी चिरणं, वरणाला फोडणी देणं, मुलाला भरवणं हे पाच-सात दिवसांनी आरामात जमतं. कोपर अंगाला चिकटलेलं राहील ते काम चालेल, कोपर खांद्याच्या वर गेलं की थांबायचं. हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे.

पण मूल ऐकत नाही, ते हात वर करून समोर उभं राहतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी आठवडाभर नवी सवय लावा. तुम्ही सोफ्यावर किंवा जमिनीवर लोडाला टेकून बसायचं आणि मुलाने स्वतः चढून मांडीवर यायचं. पलंगाजवळ पक्का पाट किंवा छोटं स्टूल ठेवा, त्यावरून ते चढेल. मांडीवर घेण्याआधी छातीसमोर एक मऊ उशी आडवी धरा. झोपलेल्या मुलाची लाथ आणि खेळताना बसलेली डोक्याची धडक, दोन्हींपासून ती वाचवते. रात्री मूल शेजारी झोपत असेल तर मधे लोड घाला, किंवा पहिले दोन आठवडे त्याला आजीजवळ झोपू द्या. "आईला बाऊ झालाय" हे दीड वर्षाच्या मुलालाही कळतं. ब्रा घातलेली जागा लांबून दाखवा आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात धरून ठेवा. आईने दूर लोटलं असं त्याला वाटता कामा नये.

आणि घरात दुसरं माणूस हवंच. पहिले 3 दिवस चोवीस तास, त्यानंतर 2 आठवडे निदान आंघोळ, शाळा-पाळणाघर आणि रात्रीचं उठणं यांसाठी. असं माणूस मिळत नसेल तर तारीख पुढे ढकला, हे मी ठामपणे सांगते.

पहिले दिवस कसे जातात? भूल पूर्ण असते, ऑपरेशन एक ते दोन तासांचं, आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी घरी पाठवतात. नेहमीचा छेद स्तनाच्या खालच्या घडीत, 4 ते 5 सेंटिमीटरचा असतो. छातीवर कोणी बसलंय असा दाब पहिले तीन दिवस जाणवतो. स्नायूखालच्या इम्प्लांटला तो जास्त, आणि सकाळी उठताना सगळ्यात जास्त. पाठीखाली दोन-तीन उशा घेऊन, डोकं आणि पाठ वर ठेवून उताणं झोपा. उठताना हातांवर रेटा देऊ नका, पाय पलंगाखाली सोडा आणि मागून कोणाला पाठीला हात द्यायला सांगा. वेदनेच्या गोळ्या दुखायला लागल्यावर घेण्याऐवजी ठरलेल्या वेळेला घ्या. त्यातल्या काहींनी पोट साफ होत नाही, आणि कुंथताना छातीवर जोर येतो, म्हणून इसबगोल आणि पाणी पहिल्या दिवसापासून. पुढे हुक असलेली सर्जिकल ब्रा 4 ते 6 आठवडे रात्रंदिवस घालायची. दोन घ्या, एक धुवायला. मे महिन्यात घामाने घडीत पुरळ येतं, टाके ओले राहतात. जमत असेल तर ऑपरेशन दिवाळीनंतरच्या थंडीत ठेवावं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीकधी स्तनाच्या खाली, पोटाकडे जाणारी एक ताठ दोरी त्वचेखाली हाताला लागते. हात वर केला की ती ओढल्यासारखी दुखते आणि बाई घाबरून फोन करते. वरवरच्या शिरेत रक्त गोठल्याने ती तयार होते आणि काही आठवड्यांत आपोआप विरते. डॉक्टरांना एकदा दाखवा, पण घाबरू नका.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. पहिल्या दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने मोठी झाली, दगडासारखी कडक झाली, त्याच बाजूचं दुखणं वाढत गेलं आणि कातडी निळसर दिसू लागली, तर आत रक्त साचतंय. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. शेकायचं नाही, चोळायचं नाही, सकाळची वाट पाहायची नाही. वेळेवर आलेल्या बाईचं रक्त काढून त्याच इम्प्लांटवर पुन्हा टाके घालता येतात. पुढच्या आठवड्यांत 100.4 च्या वर ताप, लाली, छेदातून पाणी किंवा पू आला तर तो जंतुसंसर्ग समजा. तो हाताबाहेर गेला की इम्प्लांट काढून काही महिने थांबावं लागतं. नंतरच्या काळात शरीराचं तेच पातळ आवरण कधी जाड होऊन आवळत जातं. स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो. पहिल्या वर्षानंतरही असा बदल दिसला तर दाखवायला या.

आता तारखेकडे. दूध तोडल्यावर निदान 3 महिने, शक्यतो 6 महिने थांबा आणि वजन स्थिर होऊ द्या. दूध असताना स्तनाचं खरं माप कळत नाही आणि दुधाच्या नळ्यांमधले जंतू इम्प्लांटपर्यंत जाण्याचा धोका वाढतो. आणखी मूल हवं असेल तर ते होऊ द्या, मग या. इम्प्लांट असूनही बऱ्याच जणी अंगावर पाजतात, स्तनाग्राच्या कडेने छेद घेतला असेल तर अडचण जास्त येते. पण गरोदरपणात कातडी पुन्हा ताणली जाते आणि केलेल्या कामाचा आकार बदलतो. मिशरी लावत असाल तर तेही सांगा. बायका सिगारेट ओढत नाही म्हणतात आणि ते खरं असतं, पण मिशरीतल्या निकोटिननेही रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. ऑपरेशनच्या आधी 4 आठवडे आणि नंतर 4 आठवडे ती पूर्ण बंद हवी.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगते. बाळंतपणानंतर कित्येकींना वाटतं स्तन लहान झाले, पण खरं तर ते रिकामे होऊन उतरलेले असतात. ब्रा न घालता आरशासमोर उभ्या राहा आणि स्तनाखालच्या घडीत एक पट्टी आडवी धरा. स्तनाग्र पट्टीच्या वर असेल तर इम्प्लांटने काम भागण्याची शक्यता चांगली. पट्टीच्या खाली असेल तर इम्प्लांट एकटा ते वर उचलत नाही. तो वर गोळ्यासारखा बसतो आणि सैल स्तन त्यावरून खाली ओघळतो. तिथे उचलून बांधण्याचं वेगळं ऑपरेशन लागतं, त्याचे व्रण जास्त असतात. कमी खर्चात निव्वळ इम्प्लांट मागण्याआधी ही पट्टी धरून बघा.

मापासाठी घरचा प्रयोग करता येतो. मेजरिंग कपने 250 मिली कोरडे तांदूळ मऊ पिशवीत भरून ब्रामध्ये ठेवा आणि दोन दिवस घरातली कामं करा. तांदूळ इम्प्लांटपेक्षा थोडे हलके असतात. 300 सीसीच्या (सीसी म्हणजे मिलीच) दोन इम्प्लांटचं वजन जवळपास 600 ग्रॅम होतं आणि ते रोज खांद्यावर राहणार आहे. छातीची रुंदी ज्याला जागा देते तेवढंच माप घ्या.

सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट 1962 साली अमेरिकेत ह्युस्टनला बसवले, ती बाई सहा मुलांची आई होती. तेव्हापासून बरंच बदललंय, पण इम्प्लांट जन्मभराचे नसतात हे आजही खरं. आतल्या आत फुटलेला सिलिकॉन इम्प्लांट बाहेरून कळत नाही, म्हणून 5-6 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर 2-3 वर्षांनी. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला गेलात तर मशीनवरच्या ताईंना आधीच सांगा, त्या इम्प्लांट मागे ढकलून जादा फिल्म काढतात. या तपासण्यांच्या वेळी इम्प्लांटची कंपनी, माप आणि अनुक्रमांक छापलेला स्टिकर जवळ असावा. 2019 मध्ये खडबडीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट जगभरातून परत मागवले, तेव्हा ज्यांच्याकडे तो स्टिकर होता त्यांनाच आपला इम्प्लांट कोणता ते लगेच कळलं. डिस्चार्जच्या वेळी तो मागून घ्या, फोनमध्ये फोटो काढा, आणि स्टिकर लावलेलं कार्ड मुलाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल घरात कधी हरवत नाही.