मारुती कुठवर?

दोन दिवस पावसाची झड लागली आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की ‘पूर आला का?’ असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. ‘मारुती कुठवर?’ असं विचारतात. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पट्टी. गुडघ्याला पाणी असेल, तर लोक छत्र्या घेऊन गंगेवर बघायला निघतात. (गोदावरी आम्हाला गंगाच.) कमरेला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. गळ्याशी आलं की सराफ बाजारात आवराआवर.

लेक सध्या पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय. तिने याचाच प्रोग्रॅम केला. इफ, एलिफ, एल्स; म्हणजे जर, नाहीतर जर, नाहीतर. आकडे अंदाजाने धरले: गुडघा ३ फूट, कंबर ५, गळा ९. पाणी १० फूट टाकलं, तर पडद्यावर आलं, ‘गुडघ्याला पाणी. बघायला या.’

तिने अटी खालून वर लिहिल्या होत्या. ‘पाणी ३ पेक्षा जास्त’ ही पहिली. १० हे ३ पेक्षा जास्तच. यंत्राला तेवढं पटलं आणि पुढच्या एलिफकडे ते फिरकलंच नाही. कोलन विसरा, ओळ आत सरकवायची राहू द्या, पायथॉन लगेच बोंबलतं. इथे मात्र चिडीचूप. वीस वर्षं हेच काम करतोय, तरी ही चूक माझीही होते. मीटिंगमध्ये मी तिला ‘लॉजिक इश्यू’ म्हणतो, इतकंच.

एरवी जर-तरला आपल्याकडे किंमत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, की विषय संपला. प्रोग्रॅममध्ये मिशांचीही अट लिहून ठेवावी लागते. कधी कोणती आत्याबाई येईल, सांगता येत नाही.

आई शेंगा सोलता सोलता ऐकत होती. तिचं माहेर सराफ बाजारामागच्या वाड्यातलं. म्हणाली, “अगं, वरून खाली बघत यायचं. आधी डोकं दिसतंय का, मग गळा. गुडघ्याचं काय घेऊन बसलीस?”

लेकीने अटी उलट्या लावल्या. वर डोक्याची एक नवी घातली. १० टाकल्यावर गळा आला.

“आणि आजी, डोकंही बुडालं तर? २०१९ ला बुडालं होतं ना?”

“मग मारुतीकडे कोण बघतंय? मग वाड्याच्या पायऱ्या मोजायच्या.”

लेकीने डोक्याच्या अटीखाली कर्सर नेला, चार जागा आत सरकवून आणखी एक इफ लिहिला आणि मान वर न करता विचारलं, “किती होत्या गं पायऱ्या?”