खो-खोची प्रमाणपत्रं अमेरिकेतल्या कॉलेजला कशी समजणार?

भाची सोलापूर जिल्ह्यात मोहोळला, मी न्यू जर्सीत. सध्या आमच्या फोनवर एकच विषय असतो, तिचा कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना एकच चालणारा ऑनलाइन अर्ज. वहिनींनी खो-खोच्या प्रमाणपत्रांची अख्खी फाइल स्कॅन करून पाठवली. पण प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडायला या अर्जात जागाच नाही. उपक्रम जास्तीत जास्त 10, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. बक्षिसांना वेगळ्या 5 ओळी. सगळं नववी ते बारावीतलं, म्हणजे सातवीतलं लाडकं पदक बाहेरच राहतं.

तिने लिहिलं होतं, "तालुक्यात प्रथम, जिल्ह्यात प्रथम, राज्यस्तरावर सहभाग." आपल्याकडे कुणालाही हे एका दमात कळतं. अर्ज वाचणाऱ्याने कदाचित खो-खोसुद्धा पाहिलेला नसतो. आपल्या जिल्ह्यात 11 तालुके आहेत, जिल्हा जिंकल्यावर पुणे विभागात खेळावं लागतं आणि तिथे जिंकलात तरच राज्य, हे त्याला कोण सांगणार? म्हणून मी तिला म्हटलं, बक्षिसं त्या पाच ओळींत टाक, 11 तालुक्यांतून पहिलं हेही तिथेच. वर्णनात तू काय करतेस ते येऊ दे: संघनायक आहेस, संरक्षणाला पहिल्या तुकडीत उतरतेस, आठवीच्या मुलींचा सराव घेतेस. मला स्वतःला यातली शेवटची गोष्ट राज्यस्तराइतकीच मोलाची वाटते, आणि तीच ती लिहायला तयार नव्हती. "आत्या, ते काय सांगायचं?" तेच सांगायचं, बाळा.

आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही विचारतात. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 12 तास. बोर्डाच्या परीक्षेआधी सराव बंद होता, ते आठवडे वजा करायचे. माहिती खरी असल्याची सही आपणच करतो, त्यामुळे इथे एक तासही फुगवू नये.

एक गैरसमज मात्र बऱ्याच पालकांचा दिसतो. खेळावर शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं आहेत, पण एनसीएएच्या, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या खेळांत खो-खो आणि कबड्डी नाहीत. त्यातही संघटनेच्या तीन गटांपैकी तिसऱ्या डिव्हिजनची कॉलेजं क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. मुलगा पोहणारा किंवा धावणारा असेल तर त्याची वेळ आणि व्हिडिओ घेऊन थेट तिथल्या कोचला ईमेल करावा, आणि तोही अकरावीतच. खो-खोवाल्यांना तो रस्ता नाही. त्यांचा खेळ अर्जात माणूस म्हणून ओळख करून देतो, आणि ती ओळखही कमी नाही.

क्रीडाशिक्षकांना विसरू नका. बरीच कॉलेजं विषय शिक्षकांखेरीज आणखी एक शिफारसपत्र घेतात, ते प्रशिक्षकाचं चालतं. सरांना मराठीत सांगा की गुणगान नको, एखादा प्रसंग लिहा. इंग्रजीची अडचण असेल तर शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना त्यांच्या शेजारी बसवा. पत्र मात्र सरांनीच, स्वतःच्या ईमेलवर आलेल्या लिंकवरून पाठवायचं असतं.