मोटर स्टार्टरचा बॅज आमच्या विभागात कसा उभा राहिला

गुणपत्रिकेवर लिहिलं होतं: प्रात्यक्षिक, ५० पैकी ४३. बुटीबोरीच्या एका कारखान्यातून मुलाखती घ्यायला आलेल्या साहेबांनी ती उलटसुलट पाहिली आणि मुलाला विचारलं, "बाकी ठीक आहे, पण तुला पॅनल जोडता येतं का?" मुलगा म्हणाला, "येतं सर." साहेब म्हणाले, "सगळेच येतं म्हणतात." मुलाखत तिथेच संपली. मी दाराशी उभा होतो. त्या पोरानं आमच्या लॅबमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी कमी प्रवाहावर सुरू करून मग पूर्ण जोरावर नेणारी जोडणी, स्वतःच्या हातानं जोडला होता, मी मुद्दाम सोडवून ठेवलेली वायर दहा मिनिटांत शोधली होती. यातलं एक अक्षरही त्या ४३ मध्ये दिसत नव्हतं. त्याच्या फाइलमध्ये दोन वर्कशॉपची रंगीत प्रमाणपत्रंही होती, पण तशी प्रमाणपत्रं सीताबर्डीवर कुठल्याही दुकानात छापून मिळतात हे साहेबांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल विभागात शिकवतो. त्या दिवसापासून डिजिटल बॅजचा विषय माझ्या डोक्यात बसला. पुढे जवळजवळ दीड वर्ष त्यात गेलं. दुसऱ्या कुणा शिक्षकाचा वेळ वाचावा म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

बॅज म्हटलं की लोकांना छातीवर लावायचं चित्र आठवतं. खुल्या बॅजचं, म्हणजे ओपन बॅजचं, चित्र साधंच असतं, पण त्या चित्राच्या फाइलच्या आत माहिती भरलेली असते: बॅज कुणी दिला, कुणाला दिला, कधी दिला, आणि तो मिळवायला काय करून दाखवावं लागलं. मोझिलानं २०११ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीनं हे काम सुरू केलं. २०१७ पासून त्याचं मानक आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे आहे, तिचंच नाव आता वनएडटेक. मानक खुलं असल्यामुळे कुठल्याही कॉलेजला परवानगी न मागता आणि पैसे न भरता असे बॅज देता येतात. आमच्याकडे मूडल, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर, आधीच होतं, आणि मूडलमध्ये बॅजची सोय २०१३ पासून आहे. म्हणजे विकत काही घ्यायचं नव्हतं.

मुलांच्या पालकांनी आणि आमच्या स्टाफरूमनेही पहिला प्रश्न एकच विचारला: हे डिजिलॉकरमध्ये येईल का? डिजिलॉकर २०१५ पासून आहे, लोकांचा त्यावर विश्वास बसला आहे, त्यामुळे प्रश्न रास्त होता. पण डिजिलॉकरमधली गुणपत्रिका बोर्डाची किंवा विद्यापीठाची असते, आणि ती 'हा मुलगा पास झाला' एवढंच सांगते. मला त्याच्या एक पायरी खालचं सांगायचं होतं. बोर्डाच्या कागदाला धक्का न लावता, त्याच्या शेजारी ठेवता येईल असं काहीतरी.

सगळ्यात जास्त वेळ निकष लिहिण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याला मोटर स्टार्टरचं सखोल ज्ञान आहे.' विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमनी त्यावर पेन्सिलनं रेघ मारली. म्हणाल्या, "ज्ञान आहे हे तुम्ही कसं पाहिलं ते लिहा." मग आम्ही दोघांनी चार शनिवार लॅबमध्ये बसून नव्यानं लिहिलं. कोऱ्या कागदावर कंट्रोल सर्किट काढणं. तीन काँटॅक्टर (विजेनं ओढले जाणारे स्विच), टायमर आणि ओव्हरलोड रिले (प्रवाह वाढला की मोटर बंद करणारा) घेऊन ५ एचपीच्या मोटरसाठी दोन तासांत जोडणी करणं. सप्लाय देण्याआधी मल्टीमीटरनं इंटरलॉक तपासणं, कारण स्टार आणि डेल्टाचे काँटॅक्टर एकाच वेळी ओढले गेले तर थेट शॉर्ट होतो. पॅनल उघडण्याआधी स्विच बंद करून कुलूप लावणं आणि व्होल्टेज नाही याची खात्री करून घेणं. शेवटी, परीक्षकांनी घातलेले दोन दोष शोधून दुरुस्त करणं. परीक्षक दोन, त्यातला एक त्या बॅचला न शिकवणारा. शेवटची अट मॅडमची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.

चित्र एका मुलानं अर्ध्या तासात काढून दिलं.

मूडलमध्ये बॅज भरताना मात्र मी घाई केली. बॅज आपोआप मिळावा म्हणून 'ॲक्टिव्हिटी पूर्ण' हा निकष लावला, आणि त्या ॲक्टिव्हिटीची पूर्णता 'विद्यार्थ्यानं पान पाहिलं' इतकीच ठेवलेली राहिली. मला ते कळलंच नाही. आठवड्याभरात सात जणांना बॅज मिळाले. मला वाटलं पोरं जोमानं तयारी करताहेत.

मग त्यांच्यातला एक जण लॅबमध्ये आला. "सर, मामाला पुण्याला पाठवला होता बॅज. त्यांच्याकडे ते लिंक उघडूनच नाही राहिलं." मी माझ्या मोबाइलवर कॉलेजचं वायफाय बंद करून पाहिलं. खरंच उघडेना. आमचा सर्व्हर लॅबच्या कोपऱ्यातला, त्याचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा, म्हणजे फक्त आमच्या भिंतींच्या आत चालणारा. बॅजची पडताळणी करणारा माणूस बॅज देणाऱ्याच्या सर्व्हरला जाऊन विचारतो की हा तुम्हीच दिला का. आमचा सर्व्हर बाहेरच्या कुणाला उत्तरच देत नव्हता. आणि हे बघता बघता माझ्या लक्षात आलं की या मुलानं स्टार्टरला अजून हातही लावलेला नाही. त्यानं फक्त व्हिडिओचं पान उघडलं होतं.

एकदा बॅज कुणाला दिला गेला की मूडल त्याचे निकष बदलू देत नाही. आधी मला त्याचा राग आला. नंतर पटलं: दिलेल्या बॅजचा अर्थ मागाहून बदलता आला तर त्यावर कुणी कशाला विश्वास ठेवावा? तो बॅज दिलेल्या सातही प्रतींसकट काढून टाकणं एवढाच मार्ग होता.

वर्गात उभं राहून ते सांगणं मला जड गेलं. चूक माझी आहे, तुमची नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मामाला बॅज पाठवणारा मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, आईलाही दाखवला होता ना." त्याची आई घरोघरी डबे पोचवते. तिला बॅज म्हणजे काय ते त्यानंच समजावून सांगितलं असणार. मी त्याला म्हटलं, आजपासून रोज पाच ते सात लॅब उघडी ठेवतो, तू ये. तो आला. मार्च संपत आला होता, लॅबचा कूलर गरमच हवा फेकत होता. पहिल्या वेळी त्याचा इंटरलॉक चुकला. दुसऱ्या वेळी जोडणी बरोबर, पण दुसरा दोष सापडला नाही. तिसऱ्या वेळी मॅडम परीक्षक होत्या, आणि त्यांनी हसून फक्त मान हलवली. तो बॅज त्यानं आईला कसा दाखवला ते मी विचारलं नाही.

पण नवे बॅज देण्याआधी सर्व्हरचं काम होतं. बॅजच्या आत सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो, पत्ता बदलला की जुने बॅज मुके होतात. म्हणून आधी कायमचा पत्ता, मगच बॅज, असं ठरवलं. प्राचार्यांना अर्ज केला, त्यात दोन ओळी मुद्दाम घातल्या: हा पत्ता दर वर्षी न चुकता नूतनीकरण व्हावा, आणि वेबसाइट नवी केली तरी तो बदलू नये. फाइल दोन टेबलांवर मिळून सात आठवडे फिरली. मला रोज वाटायचं की मुलाखतींचा हंगाम निघून जाणार. शेवटी सही झाली. मानकाच्या ३.० या आवृत्तीत बॅजवर देणाऱ्याची डिजिटल सही असते आणि तो डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पडताळणीयोग्य प्रमाणपत्रांच्या पद्धतीशी जुळवलेला आहे, त्यामुळे सगळा भार एका सर्व्हरवर पडत नाही. आम्हाला पुढे तिकडेच जायचं आहे. सध्या आमचे बॅज सर्व्हरच्या भरवशावर आहेत, म्हणून त्या दोन ओळी.

त्यानंतर ईमेलनं छळलं. बॅज माणसाला दिलेला असतो म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या ईमेलला दिलेला असतो. तो ईमेल बॅजमध्ये उघडा लिहिलेला नसतो, त्याचं एसएचए-२५६ नं केलेलं रूपांतर असतं, म्हणजे रस्त्यावरच्या कुणाला एखाद्या मुलीचा ईमेल त्यातून वाचता येत नाही. ही फार चांगली गोष्ट आहे. पण एक अक्षर चुकलं तरी बॅज 'दुसऱ्याचा' ठरतो. कॉलेजचे ईमेल मुलं पास झाली की बंद होतात, म्हणून स्वतःचे ईमेल आणायला सांगितले. तेव्हा कळलं की वर्गातल्या निम्म्या मुलांचा ईमेल महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना नेटकॅफेवाल्यानं काढून दिला होता, आणि त्याचा पासवर्ड त्या नेटकॅफेवाल्याकडेच होता. एक दुपार आम्ही फक्त यासाठी ठेवली. प्रत्येकानं स्वतःचा ईमेल काढला, पासवर्ड वहीत लिहिला, मोबाइलला जोडला, आणि मला त्या ईमेलवरून एक ओळ पाठवली. मॅडम म्हणाल्या, अभ्यासक्रमात हे कुठेच नाही, आणि पहिल्या वर्षी हेच शिकवायला हवं.

शेवटचा अडथळा सगळ्यात लहान होता आणि त्यानंच जास्त नुकसान केलं असतं. एका कंपनीतून निरोप आला की तुमच्या मुलाचा बॅज पडताळणीत रिकामा येतोय. मी फाइल मागवली, वनएडटेकच्या तपासणीच्या पानावर टाकली, खरंच आत काही नव्हतं. मुलानं बॅज व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला होता. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात चित्र उरतं आणि आतली माहिती गळून जाते. स्क्रीनशॉटचंही तेच. आता मुलांना ठरवून सांगतो: फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर सरळ लिंक द्या. बायोडेटात बॅजची लिंक असते, आणि तिच्याखाली त्यांच्या चाचणीच्या व्हिडिओची.

गेल्या हंगामात आमची एक मुलगी हिंगणा एमआयडीसीत मुलाखतीला गेली. ती कामठीची. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत बस, तिथून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलून लोकमान्य नगर. दुपारी तिचा फोन आला, आवाज चढलेला. तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी तिच्यासमोरच लिंक उघडली, निकष सावकाश वाचले, मग व्हिडिओ पाहिला. व्हिडिओत स्टार्टचं बटन सोडलं की मोटर थांबते, आणि मुलगी थेट होल्डिंगच्या काँटॅक्टकडे जाते, म्हणजे बटन सोडल्यावरही स्टार्टर चालू ठेवणाऱ्या काँटॅक्टकडे. साहेबांनी विचारलं, आधी टायमर का नाही पाहिला? ती म्हणाली, बटन दाबलेलं असताना मोटर फिरत होती, म्हणजे सप्लाय आणि कॉइल ठीक होते, टायमरचा नंबर त्यानंतर येतो. त्यांना ते आवडलं.

मग त्यांनी विचारलं, याच पॅनलमधला ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर लावशील? मोटरचा पूर्ण भाराचा प्रवाह साडेसात अँपिअर धर. ती म्हणाली, साडेसात. आमच्या पॅनलमध्ये रिले मुख्य लाइनवर नाही, वाइंडिंगच्या सर्किटमध्ये बसवलेला आहे, तिथे लाइनच्या प्रवाहाच्या ०.५८ पट धरावा लागतो, म्हणजे साधारण ४.३५. साडेसातवर लावला तर मोटर जळेल आणि रिले नुसता बघत बसेल. तिचं उत्तर चुकलं होतं.

संध्याकाळी त्या साहेबांनी मला फोन केला. बॅजच्या पानावर विभागाचा नंबर आहे, तिथून त्यांनी घेतला. म्हणाले, "सर, मुलीला घेतोय. रिलेचं सेटिंग तिला आलं नाही, पण तुमच्या निकषांत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ते तिच्या खात्यावर धरलं नाही. जे लिहिलंय ते मात्र तिला सगळं येतं." थोडं थांबून म्हणाले, "पण ते लिहा तुम्ही. माझ्याकडे दरसाल दोन-तीन मोटरी त्याच पायी जळतात."

दुसऱ्या दिवशी मी आणि मॅडम पुन्हा लॅबमध्ये बसलो. जुना बॅज बदलता येत नाही, म्हणून नवा काढला, नावापुढे २ घातले. सहावा निकष असा: मोटरच्या नेमप्लेटवरून पूर्ण भाराचा प्रवाह वाचणं, रिले लाइनवर आहे की वाइंडिंगच्या सर्किटमध्ये ते ओळखणं, आणि त्याप्रमाणे तो लावून दाखवणं. त्या मुलीलाही निरोप पाठवलाय, रुजू व्हायच्या आधी एक शनिवार ये, तुझी ही चाचणी राहिली आहे.