मुंबई ते लंडन: अंतर लगेच निघालं, वेळेनं दमवलं

आई नोव्हेंबर 2025 मध्ये ताईकडे लंडनला निघाली होती. ती इन्शुलिनवर, त्यामुळे डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: "दारातून दारापर्यंत किती तास?" तिकिटावर सुटायची वेळ दुपारी 1, पोचायची संध्याकाळी 6. "पाचच तास की," आई म्हणाली. पण एक वेळ मुंबईची, दुसरी लंडनची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे घेतात. तेव्हापासून फरक साडेपाच तासांचा (उन्हाळ्यात साडेचार). म्हणजे प्रवास साडेदहा तासांचा.

एवढे कसे, म्हणून अंतर काढायला बसलो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले: मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, हीथ्रो 51.47 उत्तर, 0.46 पश्चिम. गोलावरचं अंतर काढायच्या सूत्रात घातल्यावर पृथ्वीच्या केंद्रापाशी कोन आला 64.87 अंश. अंशाला 60 नॉटिकल मैल धरून 3,892, गुणिले 1.852 (एका नॉटिकल मैलाचे किलोमीटर), म्हणजे सुमारे 7,208 किलोमीटर. ताशी 900 च्या वेगानं हे आठ तासांचं काम.

मग वरचे अडीच तास? लेकाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला (गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच), तेव्हा उलगडा झाला. दोरा जामनगरजवळून थेट कराचीवर, पुढे इराण, जॉर्जिया, क्रिमिया आणि युक्रेन! युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद. पाकिस्तानचं एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना बंद, आणि आमचं तिकीट भारतीय कंपनीचंच. त्यामुळे विमान अरबी समुद्रावरून वळसा घालून जाणार. शाळेत सपाट नकाशावर पट्टीनं आखायचो ती रेघ इराक-तुर्कस्तानवरून जाते; विमानं आता तिच्याच आसपास उडतात, हे पाहून हसूच आलं.

शिवाय पश्चिमेकडे जाताना वारा तोंडावर. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. तिकिटावरची वेळ तर गेटपासून गेटपर्यंतची: मुंबईच्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांपाशी रांगेत थांबणं आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यातच.

खरा उपयोग झाला फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटचा. त्याच क्रमांकाच्या विमानाच्या आधीच्या आठवड्यातल्या सुटण्या-उतरण्याच्या वेळा तिथे फुकट दिसतात. तिकिटावरच्या एका आकड्यापेक्षा मी त्यांवरच भरवसा ठेवतो.

ठाण्याहून सकाळी साडेआठला निघणं, तिकडे इमिग्रेशनची रांग, ताईच्या घरापर्यंतची गाडी, सगळं धरून साडेसतरा तास निघाले. डॉक्टरांनी जेवण आणि इंजेक्शनचा तक्ता भारतीय वेळेनं लिहून दिला आणि आईला बजावलं, "पोचेपर्यंत हातातलं घड्याळ बदलू नका."

परतीचा तक्ता मात्र वेगळा करावा लागला. येताना वारा पाठीशी, म्हणून विमानातला वेळ तासाभरानं कमी. पण लंडनहून रात्री निघालं की मुंबईत उतरेपर्यंत घड्याळ साडेपाच तास पुढे गेलेलं असतं. सकाळचं इंजेक्शन नक्की कोणत्या सकाळचं, यावर ताई आणि मी फोनवर बराच वेळ वाद घातला.