आमची वाटचाल : भंगारात न घातलेला रायझर

आमच्या बडोद्यातल्या, मकरपुऱ्याच्या सौर बंबाच्या शेडमध्ये शिरलं की डाव्या हाताला, विश्वकर्म्याच्या फोटोखाली, तांब्याच्या नळीचा फूटभर तुकडा टांगलेला दिसेल. उभा चिरलेला. आत पांढरट पिवळा थर असा बसलाय की अर्ध्या इंची रायझरमधून, म्हणजे पॅनलमधल्या पाणी तापवणाऱ्या उभ्या नळीतून, उदबत्तीची काडीसुद्धा पलीकडे जायची नाही. नवीन गिऱ्हाईक विचारतंच, "आ शुं छे?" मी सांगतो, आमचा सगळ्यात महागडा माल.

सुरुवात 1989 ची. भागीदार म्हणजे मास्तर. बडोद्याच्या कलाभवन तंत्रशाळेत शिकलेले, वयाने माझ्या वडिलांएवढे. गेडाचं, म्हणजे गुजरात सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेचं, ऑफिस तेव्हा बडोद्यातच होतं, त्यामुळे सौर चूल नि सौर बंब हे शब्द इथे कुणाला नवे नव्हते. आमच्याकडे एक लेथ, एक तांबं जोडायचा ब्रेझिंगचा सेट आणि मास्तरांनी स्वतः बनवलेलं, फिनला म्हणजे ऊन टिपणाऱ्या पत्र्याला खाच पाडायचं जिग. ते जिग अजून चालतं. दोन चौरस मीटरचं पॅनल, नऊ रायझर, वर-खाली त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या म्हणजे हेडर, मागे ग्लासवूल, वरून टफन काच. यात गुपित काही नाही. सगळी कारागिरी रायझर आणि हेडरच्या जोडात. तिथे घाई केली की पाच वर्षांनी गिऱ्हाईक शिव्या घालतं.

पहिली मोठी ऑर्डर दांडिया बाजारातल्या खानावळवाल्या वहिनींची, 200 लिटरची. पैसे हप्त्याने, पण एकही हप्ता चुकला नाही. त्यांच्या गच्चीवरची काच दोनदा फुटली आणि दोन्ही वेळा उत्तरायणाला. पतंगाच्या नादात पोरं पॅनलवर चढतात, दुसरं काय! मांजा तर दरवर्षी एअर व्हेंटच्या पाइपला गुंडाळलेला असतोच. पण आतलं तांबं तेच राहिलं, कारण त्यांच्याकडे आजवा तलावाचं पाणी. तेच पॅनल बोअरच्या खाऱ्या, चुन्याच्या पाण्यावर लावलं असतं तर तीन वर्षांत बसलं असतं. हे आज मी दोन वाक्यांत सांगतो. 1997 मध्ये माहीत नव्हतं.

त्या वर्षी एका डाइंगवाल्याने धुलाईच्या टाक्यांना गरम पाणी हवं म्हणून 40 पॅनलांचं काम दिलं. एवढं मोठं काम आम्ही कधी केलं नव्हतं. मास्तर म्हणाले, प्रयोग आहे, फसूही शकतो. मी म्हटलं, फसला तर फसला. जवान होतो, तोंडाला येईल ते बोलत होतो. पहिल्या थंडीत पाणी 60 अंशांवर, शेठ खूश. दुसऱ्या थंडीत 45. तिसऱ्या वर्षी कोमट. त्यांनी उरलेले पैसे अडवले, वर माल उचलून न्या म्हणाले. कागदावर नळाचं पाणी लिहिलं होतं, जोडलं होतं बोअरचं. त्यावरून भांडलो, आजही भांडेन. पण पाणी तपासायला आम्हीही गेलो नव्हतो, हे कबूल केलं पाहिजे.

चाळीस पॅनलं शेडमध्ये परत आली त्याच दिवशी भंगारवाला दारात उभा. तांब्याचा भाव सांगितला. बँकेचा तगादा होता, मी हो म्हणणारच होतो. मास्तरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला आणि खडूने पॅनलांवर आकडे घालायला घेतले. माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. मग तीन आठवडे, रोज संध्याकाळी, मी, ते आणि आमचा एक फिटर मुलगा हॅकसॉ घेऊन बसलो. 360 रायझर. प्रत्येकाचा थर मोजून वहीत. बँक भागवायला लेथ विकली, पण वही पुरी केली.

वहीत दोन गोष्टी निघाल्या. थर रायझरच्या वरच्या टोकाला जास्त, कारण पाणी तापेल तसा चुना सुटतो. आणि पंपापासून लांबच्या पॅनलांत जास्त, कारण तिथे पाणी कमी पोचायचं, म्हणून जास्त तापायचं, म्हणून जास्त साचायचं. म्हणजे दोष दोन: पाणी आणि आमची पाइपिंग. त्यानंतर आम्ही खाऱ्या पाण्यावर थेट सिस्टम दिलीच नाही. पॅनलांत स्वच्छ पाणी बंद फेऱ्यात फिरतं, टाकीभोवतीच्या जॅकेटमधून उष्णता देतं. आणि मोठ्या कामात रिव्हर्स रिटर्न, म्हणजे प्रत्येक पॅनलला पाण्याची वाट सारख्याच लांबीची.

सहा महिन्यांत तो फिटर मुलगा नोकरी सोडून गेला. दोन गल्ल्या पलीकडे त्याची शेड, आणि वर्षभरात एका मोठ्या हॉस्टेलचं काम त्याच्या नावावर. जॅकेट तेच, रिव्हर्स रिटर्न तेच. लेथ माझी गेली होती! रागाने मास्तरांना सांगितलं, तर ते सायकल काढून हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन आले. म्हणाले, "पाइपिंग बरोबर केलंय त्यानं." बस्स. मला तीन रात्री झोप नाही. त्याच दिवसांत खानावळवाल्या वहिनी येऊन पूर्ण पैसे ठेवून गेल्या. "दुसरी टाकी हवीय, दिवाळीनंतर बसवा." त्यांना तेव्हा दुसऱ्या टाकीची गरज नव्हती. मला ठाऊक होतं, त्यांनाही.

हल्ली माझा मुलगा विचारतो, असे फसलेले प्रयोग परवडतात का? मी त्याला भुजचा तलाव सांगतो. कच्छ डेअरीचा सौर तलाव मास्तरांनी मला नेऊन दाखवला होता. 6000 चौरस मीटर, 4000 टन मीठ. खालचं खारं पाणी जड, ते वर येत नाही, त्यामुळे ऊन तळाशी कोंडून राहतं. 1993 पासून डेअरीला रोज 80 हजार लिटर गरम पाणी जायचं. पुढे डेअरीच आजारी पडली आणि तलावही थांबला. लोक म्हणतात, तलाव फसला. अहो, गिऱ्हाईक बसलं! उलट डेन्मार्कात गेडसरला 1957 ची 200 किलोवॉटची पवनचक्की होती. 1967 मध्ये बंद केली, पण मोडून विकली नाही. सत्तरच्या दशकात तेल महागल्यावर नासाच्या सांगण्यावरून तीच पुन्हा चालवून मोजमापं घेतली. जर्मनीने 3 मेगावॉटची ग्रोवियान 1983 मध्ये उभी केली. पाच वर्षांत उतरवली, जेमतेम 420 तास चालली. पैसा गेला खरा, पण पाती धरणारा मधला सांगाडा कुठे तडकतो ते सगळ्या जगाला कळलं. परवडणं कुणाच्या खिशातून मोजायचं, एवढाच प्रश्न. माझ्या खिशातून मोजाल तर परवडलं नाही.

मधल्या वर्षांत चीनच्या निर्वात काचेच्या नळ्यांचे सौर बंब आले, भाव पडले, आम्ही तगलो. त्याबद्दल विशेष काही नाही. सौर बंब घेणाऱ्यांना मात्र सांगून ठेवतो: आधी पाण्याचा कठीणपणा तपासून घ्या, टीडीएसच्या पेनवर जाऊ नका, ते सगळे क्षार एकत्र मोजतं, चुना वेगळा सांगत नाही. तोंड दक्षिणेला, आपल्या बडोद्यात तीस-पस्तीस अंशांचा उतार, टाकीचा तळ पॅनलच्या माथ्याहून फूटभर वर. आणि जुनी सिस्टम काढताना फिटरला एक रायझर चिरून दाखवायला सांगा. भंगारात थोडे पैसे कमी येतील.

मास्तर आता नाहीत. वही माझ्या टेबलाच्या खणात असते. गेल्या महिन्यात तो जुना फिटर शेडवर आला, केस माझ्याइतकेच पांढरे. सावली गावाजवळच्या एका साइटवर शेवटची रांग कमी तापतेय, 27 नंबरच्या पॅनलचं आपण तेव्हा काय लिहिलं होतं, म्हणाला. खण उघडला, पान काढून दिलं. त्याने मोबाइलवर फोटो घेतला. चहाचे पैसे मात्र मी त्यालाच द्यायला लावले.